आमका बांदा

लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीतल्या सेक्टरच्या बागेत त्या रविवारी सकाळी एवढी माणसं लोटली होती, की रोज तिथे योगासनं करणाऱ्या पेन्शनर मंडळींना चटई पसरायलाही जागा उरली नाही. जुन्या आंब्याखाली लाल गादी होती आणि गादीवर अधर बाबा बसले होते. वर आंबा मोहोरला होता. त्याच्या एका फांदीवर मात्र भलतंच झुडूप माजलं होतं. जाड पानं, नळीसारखी नारिंगी फुलं आणि गुलाबी मण्यांएवढी फळं. आंब्याच्या झाडाला असलं काही येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यामुळे अख्खा सेक्टर माना मोडेस्तोवर वर बघत होता.

"किसने बोया?" बाबांनी माइकवरून विचारलं.

"किसी ने नहीं!" गर्दी ओरडली. हे उत्तर बाबांच्या शिष्याने अर्ध्या तासापूर्वीच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं.

"ना मिट्टी, ना पानी, ना खाद, ना माली! बीज अधर में, जड़ अधर में, और बाबा?"

"अधर में!"

अधर म्हणजे अधांतरी. बाबा स्वतः चांगल्या चार इंच जाड गादीवर होते, पण तेवढं बारकाईने कोण बघतो?

मग शिष्याने एक काचेची बाटली फिरवली. कोरडी ठणठणीत. तिच्यावर एक चिकट बी बसलेलं आणि त्यातून हिरवा कोंब आलेला. लोकांनी बोट लावून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. कोंब खराच होता. काचेवर झाड उगवतं म्हटल्यावर आपल्यासारख्याने काय बोलायचं? लोक हात जोडून रांगेत उभे राहिले. प्रत्येकाला एक सिद्ध बीज मिळणार होतं. घराच्या चौकटीला बाहेरून चिकटवायचं. चार दिवसांत कोंब फुटला आणि घराच्या दिशेने वाकला, की तुमची प्रार्थना मंजूर. मग औषध बंद, ऑपरेशन बंद. पुढच्या रविवारी बाबा स्वतःच्या हाताने बांद्याचा... पण तो शब्द मागाहून येईल. बाबा स्वतःच्या हाताने त्या फळाचा रस देणार, एवढं आत्ता पुरे. आणि कोंब नंतर सुकला तर? बाबांनी त्याचीही सोय करून ठेवली होती. "सूख गया तो समझना, श्रद्धा में कमी थी।"

मैत्रेयी हे सगळं मागे उभी राहून ऐकत होती. तिच्या नवऱ्याची, इंद्रजितची, हवाई दलातली नोकरी. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन दोघं लखनौला आली, आणि तिने घराच्या तळमजल्यावर बालवाडी काढली. तिची बावीस मुलं दिवसाला एवढे प्रश्न विचारत, की बाबांचे भक्त आठवडाभरातही विचारणार नाहीत. आज मात्र ती नाइलाजाने आली होती. रांगेत तिच्या सासूबाई उभ्या होत्या.

लीलावतीबाई सावंतवाडीहून तीन महिन्यांपूर्वी आल्या होत्या, त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. डावा डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता थांबलात तर आत दाब वाढेल आणि गेलेली नजर परत येणार नाही. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारची तारीखही मिळाली होती. एकच डोळा आणि त्यावर सुरी चालणार, या विचाराने बाई रात्ररात्र तळमळत, पण तोंडाने मात्र "माका कसली भीती?" असंच म्हणत.

त्यांची पाळी आली. बाबांनी त्यांचा जाड काळा चष्मा पाहिला, हातातली काठी पाहिली आणि डोळे मिटून अंतर्ज्ञानाने सांगितलं, "माताजी, नेत्र का कष्ट है।" मग त्यांच्या तळहातावर बी ठेवून ते कानाशी काहीतरी पुटपुटले. लीलावतीबाई जागच्या जागी थिजल्या आणि दुसऱ्या क्षणी बाबांच्या पायांवर वाकल्या.

घरी येऊन त्यांनी बी चौकटीला चिकटवलं, हात धुतले आणि मग सुनेला जवळ बसवून घेतलं.

"गो मैत्रेयी, माझा म्हायार खयचा?"

"बांदा. हे काय विचारणं झालं, आई?"

"ह्या लखनौत कोणाक ठाऊक असा?"

"मला. इंद्रजितला. आणखी कोणाला असणार?"

"मग त्या बाबान कसा वळाखल्यान?" सासूबाईंनी विचारलं. "कानात म्हणालो, 'आमका बांदा'! हिंदी मनिस, आणि माझ्याशी मालवणीत बोललो!"

काचेवरच्या कोंबाचं काहीतरी कारण असणार, एवढी मैत्रेयीची खात्री होती. पण सावंतवाडीजवळच्या एका गावाचं नाव या बाबाला कळावं, तेही 'आमका' लावून? माहेर साताऱ्याचं असलं, तरी दहा वर्षं मालवणी घरात काढल्यावर 'आमका' म्हणजे 'आम्हाला' हे तिलाही ठाऊक होतं. त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

सोमवारी बालवाडीत बिया कशा प्रवास करतात हा धडा होता. असले धडे मैत्रेयी पाटीवर शिकवत नसे. मुलांनी घरून आजोबांचे जुने लोकरी मोजे आणले होते. ते बुटांवरून चढवून सगळी पलटण शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर फिरून आली. परत येऊन बघतात तर मोजे आघाड्याच्या बियांनी आणि गोखरूंनी भरलेले.

"आता सांगा, या बियांना पाय आहेत का?"

"नहीं!"

"मग त्या इथपर्यंत कशा आल्या?"

"हम लेके आए! फ्री में!" हिमानी म्हणाली. हिमानी साडेपाच वर्षांची. आईवडील पुण्याचे, वडील इथल्याच एका संशोधन संस्थेत. मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत येई.

"शाब्बास. तशाच त्या बकरीच्या केसांना चिकटून जातात, कुत्र्याच्या शेपटीला चिकटून जातात. मुंग्या बी ओढून नेतात. खार बी पुरते आणि कुठे पुरलं ते विसरते."

"मेरी मम्मी जैसे चाबी भूलती है?"

"अगदी तशी."

"और वो बाबाजी वाला पेड़ कौन लाया?"

बालवाडीत असा प्रश्न आला की मैत्रेयी 'ते मोठेपणी कळेल' असं सांगत नसे. तिलाही ते माहीत नव्हतं, हे तिने मुलांना सांगून टाकलं आणि सगळ्यांना घेऊन ती बागेत गेली. रस्ता ओलांडताना मुलांना धरायला सोबत रमाकांत होता. तो मूळचा आंब्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध मलिहाबादचा, इथे मुलांची ई-रिक्षा चालवायचा.

आंब्याखाली अर्धा तास गप्प बसायचं, असं ठरलं. बावीस मुलं सात मिनिटं गप्प बसली, हाच खरं तर त्या आठवड्यातला एकमेव चमत्कार. आठव्या मिनिटाला अंगठ्याएवढा एक करडा पक्षी आला. मैत्रेयीच्या पक्ष्यांच्या तक्त्यावर तो होता: फुलटोचा. त्याने एक गुलाबी फळ गिळलं, थोडा वेळ इकडेतिकडे उडाला, मग फांदीवर आडवा बसला, शेपटी उचलली, आणि बूड फांदीवर घासत घासत चार पावलं सरकला.

"दीदी!" हिमानी किंचाळली. "चिड़िया ने पॉटी करके पोंछ दी!"

पुढची दहा मिनिटं शिक्षण बंद होतं. मुलं हसून हसून गवतात लोळत होती. मैत्रेयी मात्र बाकावर चढून फांदी बघत होती. पक्ष्याने जिथे पुसलं तिथे चिकट तार लोंबत होती आणि तारेच्या टोकाला बी. बाजूला तसंच एक जुनं बी होतं. त्यातून हिरवा कोंब निघून फांदीच्या दिशेने वाकला होता. फळात एवढा डिंक, की विष्ठेबरोबर बी नुसतं खाली पडतच नाही. पक्ष्याला ते पुसून काढावं लागतं आणि पुसलं की फांदीला चिकटतं.

"रमाकांत भैया, ये पौधा क्या है? आप पहचानते हैं?"

"अरे दीदी, ये तो हमारे बाग का दुश्मन है। आम का बांदा।"

मैत्रेयी बाकावरून पडता पडता वाचली. "क्या? फिर से बोलिए!"

"आम का बांदा। नीम पे हो तो नीम का बांदा, आम पे हो तो आम का। खुद जड़ ज़मीन में नहीं डालता, पेड़ का रस पीता है। मलिहाबाद में हर साल डाल समेत कटवाते हैं। ये फूलचुही फिर बो जाती है।"

आम का बांदा! म्हणजे आपलं बांडगूळ! मराठीत ज्या शब्दाने फुकट्या पाहुण्यांचा उद्धार करतात, ते साक्षात बांडगूळ डोक्यावर घेऊन अख्खा सेक्टर नाचत होता. आणि बाबाने बिचाऱ्याने फक्त झाडाचं नाव सांगितलं होतं. मालवणी कानांनी त्याचं माहेर केलं.

मैत्रेयी धावतच घरी गेली आणि सासूबाईंना सगळं सांगून मोकळी झाली. तिला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"तुका तो आवडत नाय, म्हणान तू असा सांगतंस," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

गुरुवारी चौकटीवरच्या बीला कोंब फुटला आणि तो आज्ञाधारकपणे घराच्या दिशेने वाकला. लीलावतीबाईंनी बोटांनी चाचपून खात्री केली, देवाला साखर ठेवली आणि सुनेला फोन लावायला सांगितला. मंगळवारचं ऑपरेशन रद्द. रविवारी बाबा डोळ्यात रस घालणार होते.

"आई, पक्ष्याच्या विष्ठेतून येणाऱ्या फळाचा चीक डोळ्यात? आणि तोही उरलेल्या एकुलत्या डोळ्यात?"

"फोन लाव म्हणतंय ना!"

मैत्रेयीने फोन लावला नाही. त्या रात्री मात्र तिला फार भीती वाटली. रविवारी हात धरून या बाईला अडवता येईल, पण ऑपरेशनच्या टेबलावर हात धरून झोपवता येणार नाही. आणि एक गोष्ट तिला उशिरा का होईना उमगली. बालवाडीत ती मुलांना कधीच नुसतं सांगत नसे, त्यांच्या हातात वस्तू देई. सासूबाईंना मात्र तिने व्याख्यान दिलं होतं.

नशिबाने वस्तू तयार होत होत्या. सोमवारीच मुलांनी खाली पडलेली फळं पिळून मिळेल तिथे बिया चिकटवल्या होत्या. विटेवर, डब्यावर, प्लास्टिकच्या बदकावर, एका तुटक्या चपलेच्या पट्ट्यावर. मंत्र हवाच म्हणून हिमानीने भेंडी, वांगं आणि दुधीचा एक केला होता: "भिंडी, भटा, लौकी!" शनिवारपर्यंत सगळ्यांना कोंब आले. विटेला आले, बदकाला आले आणि चपलेलाही आला. आणि सगळे कोंब वाकले होते.

"दीदी, ये सब खिड़की को पीठ दिखा रहे हैं," हिमानी म्हणाली. "धूप से शरमाते हैं क्या?"

मैत्रेयीने तिला उचलूनच घेतलं. खरंच, एकूणएक कोंब उजेडाकडे पाठ करून अंधाराकडे वाकलेला होता. झाडावर उजेड बाहेर असतो आणि फांदीची साल आत, म्हणून कोंब सालीत शिरतो. चौकटीवर उजेड रस्त्याच्या बाजूला आणि अंधार घरात, म्हणून तो घराला नमस्कार करतो. मंत्र, गाद्या, माइक यांची त्याला काहीएक गरज नव्हती.

रविवारी बाबांपुढे मोठी रांग होती. वाटीत रस, कापसाची वात. लीलावतीबाई तिसऱ्या. तेवढ्यात बागेच्या फाटकातून बावीस मुलं रांगेने आत आली. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं.

"आने दो, आने दो! बच्चे भगवान का रूप होते हैं," बाबा माइकवर म्हणाले. त्या वाक्याचा त्यांना पुढे बराच पश्चात्ताप झाला असावा.

हिमानी थेट लीलावतीबाईंकडे गेली. "आजी, हात दो।" आणि तिने त्यांच्या हातात चप्पल ठेवली. "इधर छूके देखो। ये भी उगा। ये चप्पल को नमस्ते कर रहा है।"

लीलावतीबाईंची बोटं कोंबावरून फिरली. मग विटेवरच्या, मग बदकावरच्या. गर्दीत खसखस पिकली.

"बिटिया, ये सब किसने सिद्ध किया? कौन सा मंत्र पढ़ा?" बाबांनी गोड आवाजात विचारलं.

"भिंडी, भटा, लौकी!" बावीस गळ्यांतून उत्तर आलं.

"तो श्रद्धा रही होगी। निर्मल मन से चिपकाया होगा।"

"नहीं तो," हिमानी म्हणाली. "ये अपने आप चिपकता है। चिड़िया फल खाती है, पॉटी करती है, फिर डाल पे पोंछती है। उसी से उगता है।"

पहिल्या रांगेतल्या माथुर आंटी आठवडाभर ते बी रोज कपाळाला लावत होत्या. त्यांनी हळूच पर्समधून रुमाल काढला.

मैत्रेयीने माइक घेतला नाही, साध्या आवाजातच सांगितलं. बीच्या आतच पहिल्या कोंबापुरती शिदोरी असते, म्हणून माती-पाणी लागत नाही. कोंब उजेडापासून पळतो, म्हणून वाकतो. आंब्यावर असला तर साल फोडून रस पितो. चौकटीत, काचेत, चपलेत रस नाही, म्हणून काही दिवसांनी सुकतो. त्यात कोणाच्याही श्रद्धेचा दोष नाही. "जिनका सूख गया, वो रोना बंद करें," ती म्हणाली, आणि गर्दीतल्या दोन-तीन बायकांनी खरोखरच डोळे पुसले.

"ज्ञान का अहंकार है, बेटी!" बाबा कडाडले. "माताजी, आप आइए। इनकी बातों में मत पड़िए।"

लीलावतीबाई पुढे झाल्या. मैत्रेयी जागची हलली नाही. बाईंनी चष्मा काढला नाही. त्या बाबांपुढे काठी टेकून उभ्या राहिल्या आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बाबाजी, एकच बात बताओ. बांदा किधर है?"

बाबांनी वर बोट दाखवलं. "वो रहा, माताजी, डाल पर।"

"वो नहीं. गाँव. बांदा गाँव किधर है?"

प्रश्न सोपा निघाला म्हणून बाबा खूश झाले. "अरे, बांदा! बुंदेलखंड में है, माताजी। चित्रकूट के पास।"

"और सावंतवाडी?"

"वो क्या होता है?"

लीलावतीबाईंना हसू फुटलं. पोट धरून, काठीवर वाकून, एकटीच बाई हसत राहिली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कोणालाच काही कळेना. सुनेला तेवढं कळलं.

त्यांनी बाबांच्या समोरचा माइक स्वतःकडे ओढला. जी भाषा तोंडात आली तीत बोलल्या, आणि लखनौच्या लोकांना ती नीट समजली.

"मेरे पास एकच आँख है. ऑपरेशन का बहुत डर लगता है. बेटे को बोला नहीं, सून को बोला नहीं. कोई तो बोले 'मत करो', इतनाच मेरे को चाहिए था. इसने बोला, तो मेरे को ये भगवान लगा. मेरा कान भी वहीच सुना जो मन को चाहिए था." मग त्यांनी गर्दीकडे तोंड वळवलं. "डर लगता है तो शरम मत करो. घर में बोलो, डॉक्टर को बोलो. और जो आदमी सवाल पूछने से गुस्सा होता है, उसके हाथ से आँख में कुछ मत डालने दो."

शिष्याने वाटी उचलली. रांग मोडली ती कोणी मोडा म्हटल्याने नाही. एकेक जण मागच्या मागे सरकत गेला, काही मुलांजवळ जाऊन बदकावरचा कोंब बघू लागले. तासाभरात गादीही गुंडाळली गेली. माथुर आंटी नळावर कपाळ धूत होत्या.

घरी येताना लीलावतीबाई सुनेचा हात घट्ट धरून होत्या. "माका खूप भीती वाटता गो," त्या अखेर म्हणाल्या.

"मलाही वाटते, आई," मैत्रेयी म्हणाली. हे तिने तीन महिन्यांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. "पण तिथे काहीही विचारता येतं. विचारू या."

मंगळवारी ऑपरेशनआधी त्यांनी खरंच विचारलं. भूल कुठे देणार, दुखेल का, मधेच शिंक आली तर काय, लाइट गेली तर काय, आणि शेवटी, आवाज अगदी खाली आणून, डोळा गेला तर काय. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. एकाही प्रश्नाला हसल्या नाहीत, एकाही प्रश्नावर चिडल्या नाहीत, आणि शेवटच्या प्रश्नाला 'तसं होणारच नाही' असंही म्हणाल्या नाहीत. धोका किती, तो कमी करायला आपण काय करतो, आणि न केल्यास काय होईल, हे त्यांनी सरळ सांगितलं.

घाबरणं हा काही गुन्हा नाही. आपण सगळेच कशाला ना कशाला घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला आधार हवाच असतो. फक्त तो देणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारून बघावेत आणि उत्तर मिळतं की शाप, हे पाहावं. एवढं साडेपाच वर्षांच्या पोरीला जमतं, तर ते आपल्याला का जमू नये?

"और कुछ पूछना है, माताजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

लीलावतीबाईंनी थोडा विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या, काठी सुनेच्या हातात दिली आणि आत गेल्या.